हॉपची वेल आणि घरगुती बिअर

इंग्लंड-अमेरिकेतील काही हौशी गृहस्थ सप्टेंबरच्या सुमारास परसातील वेलीवरून हॉपचे हिरवे तुरे खुडतात, आणि ते न वाळवता त्याच दिवशी वापरून फिकट रंगाची, धुक्यासारखी गढूळ दिसणारी पेल एल घरच्या घरी तयार करतात. या उद्योगाकडे जुन्या ग्रामीण परंपरेचे पुनरुज्जीवन म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. घरी बिअर करणे प्राचीन खरे; परंतु ताज्या हॉपची गढूळ पेल एल अगदी अलीकडची होय. इतकेच नव्हे, तर हा व्यवसाय घराबाहेर जाण्यास जी कारणे घडली त्यांत खुद्द हॉपचाच वाटा मोठा आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल हॉपशिवाय होत असे. मोड आणून सुकवलेला सातू, पाणी आणि किण्व एवढे साहित्य पुरे. चवीला एखादी रानवनस्पती. हे पेय थोड्याच दिवसांत आंबून जाई. साहजिकच ते थोडे करावे, घरी प्यावे आणि उरलेले शेजारीपाजारी विकावे असा क्रम होता, व हे काम मुख्यतः स्त्रियांच्या हाती होते. हॉपचा उपयोग युरोपखंडात फार पूर्वीपासून ठाऊक होता. कॉर्बी येथील मठाधिपती अडालहार्ड याच्या इ. स. ८२२ मधील नियमांत हॉपचा उल्लेख आहे, आणि बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्डने त्याच्या टिकवण्याच्या गुणाची नोंद केली आहे. इंग्लंडमध्ये हॉपयुक्त बिअर आली ती समुद्रापलीकडील सखल प्रदेशातून, सुमारे १४०० च्या आगेमागे. सोळाव्या शतकात केंट परगण्यात हॉपची लागवड रुजली, आणि १५७४ साली रेजिनाल्ड स्कॉट याने तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. टिकणारे पेय साठवता येते, दूर पाठवता येते. पण त्यासाठी मोठी भांडी, पिंपे आणि भांडवल लागते. हे भांडवल विधवा व अविवाहित स्त्रियांजवळ क्वचितच असे. ज्युडिथ बेनेट यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे. त्यांनी केवळ हॉपला जबाबदार धरलेले नाही; तथापि हॉपने बाजाराचा आकार बदलला, हे नाकारता येत नाही.

ताज्या हॉपविषयीच्या समजुतीला पहिला अडथळा येतो तो वनस्पतीच्या स्वभावातून. हॉप वर्षातून एकदा, काही आठवड्यांच्या अवधीत तयार होतो. खुडलेल्या तुऱ्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. ढीग करून ठेवल्यास तो तापतो आणि लवकरच नासू लागतो. बिअर मात्र थंडीच्या सर्व महिन्यांत करावयाची असे. म्हणून वाळवण्याला पर्याय नव्हता, आणि केंटमधील उंच टोकदार छपरांच्या वाळवण-भट्ट्या याच गरजेतून उभ्या राहिल्या. पाण्याचे प्रमाण १० टक्क्यांवर आणले म्हणजे साडेचार किलो हिरव्या हॉपचा एक किलो उरतो. जुन्या घरगुती बिअरमध्येही सामान्यतः हाच वाळलेला हॉप पडत असे. खुडणीसाठी लंडनमधील गरीब कुटुंबे दरवर्षी केंटकडे लोटत. १९३१ साली जॉर्ज ऑर्वेलनेही या मजुरांत राहून ही खुडणी केली होती.

दुसरे कारण राज्यसंस्थेचे. यादवी युद्धाच्या खर्चासाठी पार्लमेंटने १६४३ मध्ये बिअरवर अबकारी कर बसवला, १६९७ मध्ये माल्टवर, आणि १७११ मध्ये हॉपवर पौंडामागे एक पेनी. घरच्यापुरती बिअर करणाऱ्यास बिअरवरील कर नव्हता. पण माल्ट आणि हॉप यांवरील कर चुकत नसे. वाळवलेला हॉप पोत्यांत भरून अधिकाऱ्यापुढे तोलावा लागे. वर्षाचे करउत्पन्न किती होईल यावर लोक पैजा लावीत, ही गंमत त्या व्यवस्थेबरोबरच १८६२ मध्ये संपली. जमीनदाराच्या वाड्यात बिअर होत राहिली; मजुराच्या झोपडीतील चूल थंडावली. विल्यम कॉबेट याने १८२० नंतरच्या दोन वर्षांत प्रसिद्ध केलेल्या ‘कॉटेज इकॉनमी’त याच गोष्टीबद्दल संताप व्यक्त केला आणि बिअरऐवजी चहा पिणाऱ्या मजुरांनाही धारेवर धरले. चहाविषयीचा त्याचा राग आज हास्यास्पद वाटेल, करांविषयीचा नव्हे. १८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरील कर उठवून तयार बिअरवर कर आणला, आणि त्याबरोबर घरी बिअर करणाऱ्यासही परवाना घेणे आवश्यक ठरले. तो परवाना रेजिनाल्ड मॉडलिंग यांच्या १९६३ च्या अंदाजपत्रकाने रद्द केला.

पेल एलची कीर्ती पसरली ती कारखान्यांच्या काळात. लंडनचा हॉजसन आणि पुढे बर्टनचा ऑलसॉप यांची पिंपे कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात येत. समुद्रप्रवासासाठीच हे पेय मुद्दाम शोधून काढले गेले, ही कथा लोकप्रिय असली तरी पुराव्याने सिद्ध होत नाही. १८४५ मध्ये काचेवरील अबकारी कर उठल्यावर काचेचे पेले स्वस्त झाले, आणि पेयाचा स्वच्छपणा हा त्याच्या गुणाचा पुरावा मानला जाऊ लागला. गढूळ पेल एल त्या काळच्या ग्राहकाने परत पाठवली असती.

हा निकष उलटला तो अमेरिकेत. तेथे १९२० ते १९३३ या दारूबंदीनंतर घरगुती द्राक्षमद्याला मोकळीक मिळाली, बिअरला नाही. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन व घरात दोन वा अधिक प्रौढ असल्यास २०० गॅलन बिअर करमुक्त ठरली. १९७२ मध्ये प्रसारित झालेला ‘कॅस्केड’ हा सुवासिक हॉप या हौशी मंडळींच्या हाती होताच. हौशींसाठी साहित्याचे दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमनने १९८० मध्ये कॅलिफोर्नियातील चिको येथे सिएरा नेवाडा हा कारखाना काढला, आणि १९९६ मध्ये याकिमा खोऱ्यातील न वाळवलेला हॉप मालमोटारींतून थेट आणून बिअर केली. व्हर्मांटमधील जॉन किमिक यांची न गाळलेली गढूळ बिअर एकविसाव्या शतकारंभीची. २०१८ मध्ये अमेरिकन उत्पादकांच्या संघाने या प्रकाराला स्वतंत्र स्थान दिले.

गढूळपणा येतो तो ओट व गहू यांतील प्रथिने आणि हॉपमधील पॉलिफेनॉल यांच्या संयोगातून. हॉपचा कडवटपणा दीर्घ उकळीने उतरतो, पण सुगंधी तेले त्याच उकळीत उडून जातात. म्हणून अशा बिअरमध्ये हॉपचा मोठा भाग आच काढताना व आंबवणीनंतर घालतात. परसातील हॉपचा कडवटपणा किती, हे प्रयोगशाळेवाचून समजत नाही. यास्तव जाणते लोक कडवटपणासाठी वाळलेला, मोजलेला हॉपच वापरतात आणि ताजा हॉप फक्त सुगंधासाठी राखतात. वेल मागच्या दारी असेल तर तुरा काही मिनिटांत भांड्यात पडतो. ही सवड कोणत्याही कारखान्याला सहजी मिळत नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी घरगुती बिअरला मान्यता दिली ती २०१३ मध्ये. घरी केलेली ही बिअर विकण्याची मुभा त्या १९७८ च्या कायद्यानेही दिली नव्हती. शेजाऱ्याला उरलेली एल विकणाऱ्या मध्ययुगीन स्त्रीचा अधिकार तेवढा परत आलेला नाही.