स्त्रियांचे श्रम आणि सरकारी आकडे

मे महिन्यात गडचिरोलीच्या एखाद्या जंगलगावात जा. तेंदूपाने तोडणाऱ्यांत आणि अंगणात पुडे बांधणाऱ्यांत स्त्रिया जागोजाग दिसतील. पावसाळ्यात धानाची रोवणी त्यांच्याच हातची. तरीही २०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ५३ टक्के पुरुष ‘काम करणारे’ ठरले आणि स्त्रिया अवघ्या २५.५ टक्के. असे का व्हावे?

पहिले कारण मोजणीचे. १९६१ साली स्त्रियांचा हा दर सुमारे २८ टक्के होता. १९७१ साली प्रत्येकाचे मुख्य काम कोणते, असे विचारले गेले आणि तो जवळजवळ निम्म्यावर आला. पुरुषांचा थोडाच घसरला. जिने ‘घरकाम’ असे सांगितले, तिची रोवणी कागदावर आलीच नाही.

दुसरे कारण कायद्याचे. इंग्लंडने १८४२ साली स्त्रियांना भूमिगत खाणीत उतरण्याची मनाई केली. आपल्याकडे ती १९३७ साली पूर्ण अमलात आली. महायुद्धात कोळशाची निकड भासताच १९४३ साली ती उठवली आणि १९४६ साली पुन्हा लादली. १९५२ च्या खाण कायद्याने ती कायम केली. चांद्याच्या कोळसापट्ट्यालाही हाच नियम होता. २०१९ साली हे दार दिवसपाळीपुरते उघडले, पण तांत्रिक, देखरेखीच्या व व्यवस्थापनाच्या जागांसाठीच. त्या जागा शिक्षणावाचून मिळत नाहीत.

म्हणून दोन विनंत्या. प्रगणक दारी आला की घरातील स्त्रीचे काम नीट नोंदवा. आणि दहावीनंतर मुलीचे गणित-विज्ञान सोडवू नका.