कम्युनिटी कॉलेज : विद्यार्थी गळती व पदवीपूर्ती

अमेरिकेतील दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांत प्रवेश घेतलेल्यांपैकी पुढच्या वर्षीही शिकत राहणाऱ्यांचे आणि ठरावीक मुदतीत असोसिएट पदवी किंवा प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांचे प्रमाण. १९९० च्या संघराज्यीय कायद्यानुसार पदवीपूर्ती मोजताना प्रथमच प्रवेश घेणारे पूर्णवेळ विद्यार्थी धरतात आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी तीन वर्षांची मुदत देतात. नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणारे या मोजणीत येत नाहीत. पदवी न घेताच चार वर्षांच्या विद्यापीठात गेलेल्यांची गणनाही पदवीधरांत होत नाही. त्यामुळे हा आकडा महाविद्यालयाच्या कामाचे अपुरे माप आहे, हा आक्षेप रास्त ठरतो.

मात्र माप सदोष म्हणून गळती खोटी ठरत नाही. आणि ती केवळ विद्यार्थ्यांच्या कुवतीमुळे होते, हेही पुराव्यावर टिकत नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये ‘एसॅप’ योजना सुरू केली. पूर्णवेळ शिकण्याच्या अटीवर उर्वरित शुल्काची माफी, पाठ्यपुस्तके, मेट्रोकार्ड आणि नियमित भेटणारा सल्लागार असे तिचे स्वरूप होते. पायाभूत विषयांत कच्च्या विद्यार्थ्यांची यादृच्छिक विभागणी करून केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत योजनेतील ४० टक्के, तर इतरांपैकी २२ टक्के विद्यार्थी पदवीधर झाले. दर विद्यार्थ्यामागचा खर्च वाढला, पण दर पदवीमागचा घटला. हे यश न्यूयॉर्कपुरतेच असावे, ही शंका ओहायोतील तीन महाविद्यालयांत राबवलेल्या अशाच योजनेच्या तशाच निष्कर्षांनी फिटली. पूर्णवेळ शिकणे ज्यांना परवडत नाही, त्यांचा प्रश्न मात्र या योजनेच्या कक्षेबाहेरच राहतो.