कोऱ्या रकान्याचा इतिहास

वलगावातील एखाद्या विहिरीच्या पाण्याची पातळी मोजून विद्यार्थ्याने वहीत लिहिले, ‘7.2’. या आकड्यावरून आपल्याला काय कळते? तो मीटरमध्ये आहे की हातात? जमिनीपासून मोजला की विहिरीच्या कठड्यापासून? आणि ज्या दिवशी मोजायचे राहून गेले, त्या दिवसाच्या रकान्यात काय लिहायचे? हे प्रश्न किरकोळ वाटतात. पण तेलविहिरींच्या शास्त्रात त्यांची उत्तरे पक्की व्हायला साठाहून अधिक वर्षे लागली.

5 सप्टेंबर 1927 रोजी फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे आन्री डॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे 500 मीटर खोल विहिरीत विद्युत-अग्रे सोडली. मूळ कल्पना कॉनराड आणि मार्सेल श्लुंबर्जे या बंधूंची. थोडे खाली जायचे, थांबायचे, मोजायचे, खडकाची रोधकता हाताने काढायची आणि आलेखावर बिंदू मांडायचा, असे ते काम होते.

रोधकताच का? खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, तेलातून वाहत नाही. सच्छिद्र खडकात खारे पाणी असेल तर रोधकता कमी भरते, तेल असेल तर जास्त. वलगावची पेढी नदी ज्या पूर्णेला मिळते, तिच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात गोडे आणि खारे पाणी ओळखण्यासाठी हीच राशी उपयोगी पडते. 1942 मध्ये आर्ची या अमेरिकी संशोधकाने रोधकता व सच्छिद्रता यांवरून छिद्रांतील पाण्याचे प्रमाण काढण्याचे सूत्र दिले. उरलेली जागा तेलाची किंवा वायूची.

फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हाय येथे तेल शोधले. समुद्रातील अशा विहिरीला कठडा नसतो. खोली मोजायची ती वेधनयंत्राच्या फलाटापासून. म्हणून फलाट समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, हेही नोंदवावे लागते. नाहीतर दोन विहिरींतील एकच थर वेगवेगळ्या खोलीवर दिसेल.

1979 मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ आले आणि संगणकावरील तक्ता, म्हणजे स्प्रेडशीट, सर्वांच्या हाती पडली. तिच्या घरात काहीही लिहिता येते : आकडा, शेरा, किंवा काहीच नाही. माणूस ते समजून घेतो. पण तोच तक्ता तेलविहिरींच्या मूल्यमापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला, की यंत्राला फक्त रकाने दिसतात. फूट मीटर म्हणून वाचले गेले, तर 1400 फुटांवरचा, म्हणजे सुमारे 427 मीटरवरचा थर 1400 मीटरवर जाऊन बसतो.

कोऱ्या घराची गोष्ट याहून बिकट. समजा, रोधकतेची तीन मापे 20, 22 आणि 18 आहेत. चौथे घेतलेच गेले नाही. खरी सरासरी 20. कोऱ्या घरात शून्य भरले तर ती 15 येते. हा आकडा शहाण्यासारखा दिसतो, म्हणून कोणी शंका घेत नाही; आणि तेलाचा थर पाण्याचा ठरण्याचा धोका निर्माण होतो. आम्हीही एकदा अशा शून्यांना फसलो आहोत.

कॅनेडियन वेल लॉगिंग सोसायटीने 1980 च्या दशकाच्या अखेरीस ‘लॉग ॲस्की स्टँडर्ड’ हा नोंदींचा साचा तयार केला. त्याची दुसरी आवृत्ती 1992 ची. आकड्यांच्या आधी विहिरीचे नाव, प्रत्येक रकान्याचे एकक, सुरुवातीची व शेवटची खोली आणि ‘माप नाही’ याची खूण त्यात द्यावी लागते. ही खूण बहुधा उणे 999.25 अशी असते. ती चुकून सरासरीत शिरली, तर वरील उदाहरणात उत्तर सुमारे उणे 235 येते. रोधकता ऋण नसते, त्यामुळे चूक तत्काळ उघडी पडते. शून्य चूक झाकते; ही खूण ती ओरडून सांगते.

शाळेच्या विहिरीच्या वहीतही आधी चार ओळी लिहून घ्याव्यात : ठिकाण, एकक, कोठून मोजले, आणि न मोजल्यास कोणती खूण. त्यानंतर ‘7.2’ ला अर्थ येईल.