राइद (इंग्रजी क्रियापद)

'राइद' हे वेदना, यातना किंवा तीव्र मानसिक क्लेशामुळे अंगाला पीळ पडल्यासारखी होणारी हालचाल दर्शविणारे इंग्रजी भाषेतील क्रियापद आहे. ते प्रामुख्याने अकर्मक असून त्याचे भूतकाळी रूप 'राइद्ड' व धातुसाधित रूप 'राइदिंग' असे होते.

उच्चार व व्युत्पत्ती

या शब्दाच्या लेखनात आरंभी 'डब्ल्यू' हे अक्षर असते, परंतु त्याचा उच्चार होत नाही. प्राचीन इंग्रजीत तो होत असे. १७व्या शतकाच्या सुमारास प्रमाण इंग्रजीतून तो लोप पावला. मूळ धातूचा अर्थ 'पिळणे, वळणे, गुंडाळणे' असा होता. फुलापानांचे कडे या अर्थाचा 'रीथ' हा शब्द याच कुळातील आहे. 'रिंग' (कपडा पिळणे) आणि 'रेंच' (हिसडून पिरगळणे) या क्रियापदांतही आरंभी तेच अनुच्चारित अक्षर व पिळण्याचाच भाव आढळतो. लुईस कॅरल यांच्या ॲलिसच्या अद्भुत नगरीतील कथेत (१८६५) लेखन या अर्थाच्या 'रायटिंग' शब्दाच्या जागी 'राइदिंग' योजून विनोद साधला आहे.

अर्थ व उपयोग

१. शारीरिक : पोटशुळाने गडाबडा लोळणारा रुग्ण, चिमट्यात सापडलेला साप.
२. मानसिक : अपमानाने किंवा शरमेने आतल्या आत होणारा जळफळाट अथवा तगमग.

समीपार्थी क्रियापदे

'रिगल' म्हणजे वळवळणे. ही हालचाल लहान व चपळ असते आणि बहुधा तिने प्राणी पुढे सरकतो. तीत वेदना असतेच असे नाही. जबाबदारीतून अंग काढून घेणे या अर्थीही हे क्रियापद वापरतात. 'स्क्वर्म' म्हणजे संकोचाने किंवा अस्वस्थतेने चुळबुळ करणे. 'राइद'मध्ये मात्र क्लेशाची तीव्रता सर्वाधिक असते.

मराठी प्रतिशब्द

या क्रियापदाला सर्वत्र चालेल असा एकच मराठी प्रतिशब्द नाही. हालचालीचे कारण व कर्ता पाहून शब्द निवडावा लागतो. दुखण्याने माणूस 'तळमळतो' किंवा 'गडाबडा लोळतो', पाण्याबाहेरचा मासा 'तडफडतो', तर चिखलातील गांडूळ 'वळवळते'. वेदनेने कासावीस झालेल्या माणसासाठी 'वळवळणे' योजल्यास वाक्यातील करुणा नाहीशी होऊन उपहास डोकावतो.

उलट दिशेच्या अनुवादातही सावधगिरी आवश्यक आहे. 'समाजाविषयीची तळमळ' या प्रयोगात तळमळ म्हणजे आस्था व उत्कट कळकळ होय. हा गौरवाचा अर्थ 'राइद'मध्ये नाही; त्यामुळे तेथे हे क्रियापद वापरल्यास अर्थाचा विपर्यास होतो.