ठिपकेदार पंखांचा डास

हिवतापाचा सूक्ष्म जंतू माणसाच्या रक्तात असतो, हे फ्रेंच लष्करी वैद्य लाव्हरां यांनी १८८० साली अल्जीरियात पाहिले. परंतु तो एका देहातून दुसऱ्या देहात जातो कसा, हा प्रश्न उरलाच. डासाचा यात हात असावा, असा तर्क लंडनचे डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी केला. तो तर्क पडताळण्याचा ध्यास घेऊन रोनाल्ड रॉस हे भारतीय वैद्यकीय सेवेतील अधिकारी १८९५ साली सिकंदराबादेस आले.

डास म्हटले की सारे सारखेच, अशीच तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. रॉस कीटकशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी आपल्या सोयीने करडे डास आणि पट्टेरी डास अशी नावे ठेवली, त्यांना रुग्णांचे रक्त पाजले आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेकाचे जठर उघडून पाहिले. दोन वर्षे गेली. हाती काही लागले नाही. तर्क खोटा नव्हता, कीटक चुकीचा होता.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना निराळेच डास मिळाले. त्यांच्या पंखांवर गडद ठिपके होते आणि बसताना ते शेपटाकडील भाग भिंतीपासून उंच उचलून धरीत. हुसेनखान नावाच्या रुग्णाने, दर डासामागे एक आणा घेऊन, १६ तारखेस त्यांना आपले रक्त पाजले. २० ऑगस्ट रोजी अशा एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना काही गोल पेशी दिसल्या. हिवतापाच्या जंतूत आढळतात तसलेच काळे रंगकण त्यांत होते! दुसऱ्या दिवशी उरलेल्या डासात त्या पेशी वाढलेल्या आढळल्या.

या डासाचे शास्त्रीय नाव रॉस यांना ठाऊक नव्हते. म्हणून त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी पंखांवरील ठिपके व नावेच्या आकाराची अंडी यांचे वर्णन दिले. ही लक्षणे ‘अनोफिलीस’ या कुळाची होत. मायगेन यांनी ते नाव १८१८ सालीच देऊन ठेवले होते. या कुळातील मादीच्या सोंडेलगतचे दोन स्पर्शक सोंडेइतकेच लांब असतात. क्युलेक्स मादीचे आखूड असतात.

१८९८ साली रॉस यांनी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापाचे चक्र डासाच्या लाळग्रंथीपर्यंत उलगडले. त्याच वर्षी इटलीत ग्रासी व त्यांचे सहकारी यांनी मानवी हिवताप अनोफिलीसच पसरवितो हे सिद्ध केले. श्रेयावरून दोघांत कडवट वाद झाला. नोबेल पारितोषिक १९०२ साली रॉस यांना मिळाले.

परंतु श्रेयाहून ओळख मोलाची ठरली. डास कोणता हे कळताच कोणते पाणी राखावयाचे हेही कळले. अनोफिलीसच्या अळीस श्वासनलिकेची नळी नसते; म्हणून ती पाण्याच्या पृष्ठाशी समांतर आडवी राहते, तर क्युलेक्सची अळी डोके खाली करून लोंबते. भारतातील शहरांत विहिरी व टाक्यांमध्ये वाढणारा हिवतापाचा डास याच कुळातला. टाकीचे झाकण उघडून पाहणाऱ्या आरोग्यसेवकास ती आडवी अळी आजही पुरेशी खूण ठरते.