लक्ष्या आणि आबुराव

मागच्या वेळी आपण व्याजाचा हिशेब बोललो होतो. आज विषय वेगळा आहे, पण ऐकता ऐकता तो आपल्या बैठकीपर्यंत येईलच.

आज लक्ष्याची गोष्ट सांगतो आहोत. लक्ष्मीकांत बेर्डे हे पूर्ण नाव घेतलं तर एखादी क्षणभर थांबेल, पण लक्ष्या म्हटलं की आजीपासून नातीपर्यंत सगळ्या हसतात. ‘अशी ही बनवाबनवी’ टीव्हीवर लागला की चुलीवरची भाजी करपली तरी कोणाला पत्ता नसतो. असा हा हसवणारा माणूस. त्यानं एकदा रडवणारी भूमिका केली. तेव्हा काय झालं, ते सांगायचं आहे.

लक्ष्मीकांतचा जन्म 1954 सालचा, मुंबईतला. गिरगावच्या बाजूला साध्या घरात तो वाढला. घरात पैशाची चणचण होती, म्हणून लहानपणी त्यानं लॉटरीची तिकिटं विकली. गणेशोत्सवातल्या नाटकांत काम करता करता अभिनयाची गोडी लागली. पुढे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी मिळाली आणि तिथल्या रंगमंचावर तो छोटी छोटी कामं करू लागला. नाव झालं ते पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टूरटूर’ या नाटकामुळे. हे 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. मग 1985 साली महेश कोठारे यांचा ‘धूमधडाका’ आला आणि लक्ष्या घराघरांत पोचला.

तो काळ आठवा, किंवा आपल्या मायला विचारा. त्याआधी मराठी सिनेमा म्हणजे पाटील, तमाशा आणि लावणी असं बरंच होतं. दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ 1971 साली आला आणि भोळाभाबडा विनोदी माणूस सिनेमाचा नायक झाला. 1980 नंतर घरोघरी टीव्ही आला, गावात व्हिडिओ आला. मराठी सिनेमा शहरातल्या चाळीत, भाड्याच्या खोलीत, बेकार पोरांच्या गोंधळात शिरला. अशोक सराफ, सचिन, महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत यांनी ती वर्षं हसवून काढली. ‘बनवाबनवी’ 1988 चा. घरमालकीण जोडप्यांनाच खोली देणार म्हणून दोन पुरुष लुगडं नेसून बायका होतात. त्यातली पार्वती म्हणजे लक्ष्या.

आपल्या विदर्भाला हे सोंग नवं नाही. खडी गमतीत आणि दंडारीत पुरुषच बाई होऊन नाचत आले आहेत. तमाशातला सोंगाड्याही लोकांच्या ओळखीचा. राजाला, पाटलाला, सावकाराला तोंडावर टोमणा मारायची मुभा गावात फक्त त्यालाच. लोक हसत, आणि हसत म्हणून त्याला कोणी मारत नसे. पण त्याचं बोलणं कोणी मनावरही घेत नसे. मुभा मिळाली, मान मात्र मिळाला नाही.

लक्ष्मीकांतचं तसंच झालं. त्याच्या सिनेमातल्या पात्राचं नावही लक्ष्याच ठेवू लागले. हिंदीत ‘मैंने प्यार किया’ 1989 साली आला, ‘हम आपके हैं कौन’ 1994 साली आला. दोन्ही देशभर चालले. त्यात हा होता, पण कसा? दुसऱ्या सिनेमात तर घरचा नोकर लल्लू. त्या नोकराचा एक रडवेला प्रसंग आहे. तो पाहताना हा माणूस आणखी काय काय करू शकला असता, असं आम्हाला दर वेळी वाटतं.

या सगळ्याच्या मधोमध, 1992 साली, ‘एक होता विदूषक’ आला. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. हे मुळात लहान मुलांचे डॉक्टर. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी त्यांचा स्मिता पाटीलचा ‘उंबरठा’ पाहिला आहे. सिनेमा लिहिला पु. ल. देशपांडे यांनी. त्यांचीही ओळख सगळ्या महाराष्ट्राला हसवणारा लेखक अशीच. आपल्या हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांच्या आनंदवनाशी पुलंचा जुना स्नेह होता, म्हणून आपल्याकडे त्यांचं नाव आपुलकीनं घेतात. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडक यांचं. आणि मुख्य भूमिकेत लक्ष्या.

गोष्ट आबुराव नावाच्या सोंगाड्याची आहे. त्याची माय मंजुळा तमाशात नाचणारी. हे काम मधू कांबीकर यांनी केलं आहे, आणि त्या स्वतः लावणीच्या रंगमंचावर वाढलेल्या. एका बड्या माणसानं मंजुळेला जवळ केलं आणि मग वाऱ्यावर सोडलं. तिचा मुलगा तमाशाच्या फडातच मोठा झाला आणि लोकांना हसवू लागला. पुढे तो सिनेमात जातो, नायिकेच्या मागे लागतो, पैसा येतो. मग राजकारणी त्याला जवळ करतात, कारण हसवणाऱ्याच्या सभेला गर्दी होते. सगळं मिळतं. पण त्याची लहान पोर हसत नाही. सगळ्या जगाला हसवणाऱ्या बापाला स्वतःच्या पोरीच्या तोंडावर हसू आणता येत नाही. मग तो टोपी, टिळा, भाषण सगळं बाजूला ठेवून तिला गोष्ट सांगायला बसतो.

आम्ही हा सिनेमा गटाच्या मैत्रिणींसोबत मोबाइलवर पाहिला. सुरुवातीला सगळ्या हसायच्या तयारीनं बसल्या होत्या. लक्ष्या पडद्यावर आला की हसू येणार, हे ठरलेलंच. अर्ध्या तासानं सगळ्या गप्प झाल्या. मंजुळेला सोडून दिल्यावर एक जण हळूच म्हणाली, ‘हे आपल्याच गावातलं हाय.’

त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘एक होता विदूषक’ हा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कारही याच सिनेमासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना मिळाला. फडावर नाचणाऱ्या बाईकडे आपला समाज कसा पाहतो, ते आपल्याला माहीत आहे. त्याच नाचाला दिल्लीत मान मिळाला, ही गोष्ट आपण पोरींना सांगायला हवी.

पण तिकीटबारीवर सिनेमा फारसा चालला नाही. लोकांना हसवणारा लक्ष्या पाहिजे होता. पुढच्याच वर्षी, 1993 साली, ‘झपाटलेला’ आला. तात्या विंचूच्या बाहुल्याला घाबरणारा लक्ष्या लोकांनी डोक्यावर घेतला. तो सिनेमा आम्हालाही आवडतो, खोटं कशाला बोलू? पण आबुरावसारखी भूमिका त्याच्या वाट्याला पुन्हा क्वचितच आली. 16 डिसेंबर 2004 ला मूत्रपिंडाच्या आजारानं तो गेला. वय अवघं 50.

हे फक्त मराठीतच झालं असं नाही. तिकडे तमिळमध्ये नागेश नावाचे फार मोठे विनोदी नट होते. आधी रेल्वेत कारकून होते. 1964 साली ‘सर्व्हर सुंदरम’ आला. हॉटेलात ताटं उचलणारा वेटर सिनेमातला नट होतो, अशी त्याची गोष्ट. लोक हसलेही आणि रडलेही, आणि सिनेमा जोरात चालला. अलीकडे 2023 साली तमिळमधलेच सूरी हे विनोदी नट ‘विडुतलै’ या सिनेमात पोलीस शिपायाच्या गंभीर भूमिकेत नायक झाले, आणि लोकांनी त्यांना स्वीकारलं. म्हणजे नट तयार असतो. पाहणारे तयार आहेत का, यावर पुढचं ठरतं.

आता आपल्या बैठकीकडे येऊ.

आमच्या एका गटात एक ताई होती. कापूस वेचायला गेली तर अख्खं वावर हसवायची. बैठकीत तिची वाट पाहिली जायची. एका महिन्यात तिनं अंतर्गत कर्ज मागितलं. मागितलं तेही तिच्याच पद्धतीनं, ‘मले पैसे द्या बाप्पा, नाही तं उद्यापासून तुमच्याच चुलीवर माही भाकर!’ सगळ्या खोखो हसल्या. आम्हीही हसलो. विषय पुढच्या महिन्यावर गेला. इतिवृत्तात तिची मागणी लिहिलीसुद्धा गेली नाही. पुढच्या महिन्यात कळलं की तिनं गळ्यातले मणी सावकाराकडे ठेवले होते. घरात आजारपण होतं. ती खरं बोलत होती, पण हसत बोलत होती, म्हणून आम्हाला ऐकू आलं नाही.

ही चूक आमची होती, आणि ती आम्ही तिच्यासमोर कबूल केली. तेव्हापासून गटात एक नियम केला. मागणी कोणीही, कशीही केली, हसत केली की रडत केली, ती आधी वहीत लिहायची. हसायचं असेल तर लिहून झाल्यावर हसा. मणी सोडवायला तिला त्याच बैठकीत कर्ज दिलं. नंतर कोषाध्यक्ष निवडायची वेळ आली, तेव्हा तिचं नाव कोणीतरी गमतीनं घेतलं. या वेळी आम्ही ते गमतीवारी नेलं नाही. आज ती आमची कोषाध्यक्ष आहे. अजूनही हसवते. पण हिशेबातला एक रुपयाही हसण्यावारी नेत नाही.

प्रत्येक गटात अशी एखादी असते. कोणी हसवणारी, कोणी भांडकुदळ, कोणी मुकी. हे नाव एकदा पडलं की आपण तिला दुसरं काही होऊच देत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे यांना दुसरी भूमिका द्यायला पुलं आणि जब्बार पटेल होते. आपल्या गटातल्या बाईला दुसरी भूमिका कोण देणार? आपणच.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीआधी जमलं तर ‘एक होता विदूषक’ मिळून बघा. आणि बैठकीत जी सगळ्यांत जास्त हसवते, तिच्या शेजारी बसून विचारा, ‘बाई, तुह्यं कसं चाललं?’ ती लगेच काहीतरी गमतीचं बोलेल. हसून घ्या, पण उठू नका. मग पुन्हा एकदा विचारा.