चिकाटी हवीच, पण हिशेबही हवा!

"एवढे करून मिळाले काय?" चळवळीत पाच-दहा वर्षे घातलेला प्रत्येक कार्यकर्ता कधीतरी हा प्रश्न विचारतो. बीड जिल्ह्यात तो आम्हाला नेहमी ऐकू येतो. खपून वस्तीवर अभ्यासिका उभी करावी आणि दिवाळी आली की निम्मी मुले आईबापांसोबत उसाच्या फडावर निघून जावीत. मग मन खचणारच.

धर्माकडे याचे तयार उत्तर असते. गीता सांगते, कर्म कर, फळावर तुझा अधिकार नाही. ख्रिस्ती श्रद्धा थोडे वेगळे सांगते. तू पेरत राहा, पीक येणार आहे, पण ते देवाच्या वेळेला येईल. पहिल्या उत्तरात फळावरचा हक्कच काढून घेतला आहे, तर दुसऱ्यात तो पुढे ढकलला आहे. या दुसऱ्या उत्तरावर आयुष्य लावलेली माणसे आपल्याच मुलखात होऊन गेली. त्यांचा इतिहास आंबेडकरी तरुणाने नीट तपासला पाहिजे.

गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरला. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून त्याला परत पाठवण्याचा हुकूम निघाला. तरी तो टिकला. मराठी शिकला, बाजारात आणि देवळांपुढे बोलत राहिला, शाळा काढल्या, नव्या कराराच्या मराठी भाषांतरात राबला. त्याचा सहकारी सॅम्युएल नेवेल १८२१ साली कॉलऱ्याने गेला. मार्च १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना हॉलही कॉलऱ्यानेच गेला. तेरा वर्षे राबूनही बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या जवळजवळ शून्य होती. मिशनच्या मापाने तो अपयशी ठरला.

पण माप बदलून पाहा. याच मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका या कामासाठी अमेरिकेहून आली. १८३९ मध्ये ती अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली आणि १८६२ साली तिथेच वारली. तीस वर्षांहून अधिक काळ ती मुलींना शिकवत राहिली. तिच्या शाळेतून ख्रिस्ती किती झाले, हे आज कोणी विचारत नाही. जोतीराव फुल्यांनी तिची नगरची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे मात्र आपण विसरू शकत नाही. स्वतः जोतीरावांनी ही प्रेरणा जाहीरपणे सांगितली आहे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फॅरारबाईंकडे घेतल्याचे चरित्रकार नोंदवतात.

पुढची कडी पाहा. नगरच्या मिशनने १८४२ साली 'ज्ञानोदय' सुरू केले. त्याच 'ज्ञानोदया'त १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील मांग समाजाची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध छापून आला. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, तर आमचा धर्म कोणता, असा सवाल तिने विचारला. हॉलने पेरले एक, उगवले दुसरेच. त्याला चर्च हवे होते, आपल्याला मुक्ता साळवे मिळाली. आणि हे पीक आकाशातून पडले नाही. फुल्यांनी ते बी उचलले, आपल्या मातीत लावले, शेणगोळे झेलत वाढवले.

इथे थांबलो तर लेख प्रवचन होईल. "बघा, शेवटी फळ मिळतेच" असे म्हणून मोकळे होता येईल. बाबासाहेबांनी तसे केले नाही. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरील आपल्या लेखनात त्यांनी नेमका हाच प्रश्न घेतला. एवढा काळ, एवढा पैसा, एवढी माणसे खर्ची पडूनही भारतात ख्रिस्ती एवढे थोडे का? उत्तरासाठी ते देवाच्या वेळेकडे बोट दाखवत नाहीत, ते कारणे शोधतात. सुरुवातीच्या युरोपियनांचे वर्तन धर्माला शोभणारे नव्हते. मिशनऱ्यांनी आधी ब्राह्मण जिंकू, मग बाकीचे आपोआप येतील असे मानले. त्यांच्या मोठ्या शिक्षणसंस्थांचा लाभ मुख्यतः वरच्या जातींनी घेतला, तर धर्मात आले ते बहुतांशी दलित. जात चर्चमध्येही शिरली. १९३८ च्या आरंभी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्धाबरोबर ख्रिस्ताचाही आदराने उल्लेख केला आणि त्याच भाषणात, शिकलेले ख्रिस्ती आपल्याच समाजावरील अन्यायाविरुद्ध लढत नाहीत, हेही सुनावले.

बीडच्या शेजारीच, गोदावरीपलीकडे जालन्याजवळ, ब्राह्मण कुटुंबातून ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे गाव वसवले. तिथे आले ते प्रामुख्याने मांग आणि महार. माणूस म्हणून जगायला जागा मिळाली, हे छोटे काम नव्हे. पण धर्म बदलला तरी गावगाड्याने या माणसांची जात सोडली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. धर्मांतरापासून मोजले तर केंद्राच्या त्या दर्जासाठी आपल्याला ३४ वर्षे लागली. ती वर्षे आपण प्रार्थनेत काढली नाहीत, मोर्चात आणि निवेदनात काढली.

म्हणून चिकाटीचे दोन प्रकार वेगळे ओळखा. फॅरारबाईंची चिकाटी त्यांनी स्वतः निवडलेली होती. आपल्या कार्यकर्त्याची चिकाटीही तशीच. पण ऊसतोड कामगाराला "धीर धर" म्हणणे ही चिकाटीची शिकवण नव्हे, ती लूट झाकणे आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाची उचल हंगाम संपला तरी फिटत नाही. त्यांच्या कष्टाचे फळ अदृश्य नाही. ते दिसते, पण दुसऱ्याच्या घरात. तिथे श्रद्धा नको, मजुरीचा हिशेब हवा.

आणि कार्यकर्त्यालाही हिशेब चुकत नाही. फळ दिसत नसेल तर तीन प्रश्न विचारा. आपण मोजतो ते माप बरोबर आहे का? आपण योग्य माणसांपर्यंत जातो आहोत का? आपण उद्या नसलो तर हे बी उचलणारा कोणी तयार केला आहे का? अभ्यासिकेतली मुले फडावर जात असतील तर अभ्यासिका बंद करू नका, तशीच चालवतही राहू नका. मुलांना गावात ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची मागणी घेऊन पंचायत समितीत बसा. तथागतांनी कोणत्याही देवाच्या वेळेची वाट पाहायला सांगितले नाही. दुःखाला कारण असते आणि कारण दूर करता येते, हे सांगितले. हॉलकडून टिकून राहणे घेऊ, बाबासाहेबांकडून कारण शोधणे घेऊ.

जय भीम!